घरच्या घरी बटेरांची पैदास : अंडी निवडण्यापासून पिल्लं पायावर उभी राहीपर्यंत

बटेरांची अंडी उबवायची म्हटलं की पहिला प्रश्न यंत्राचा येतो. कोणतं घ्यावं, किती अंड्यांचं घ्यावं, अंडी आपोआप फिरवणारं हवं का. मी आधी दुसरंच विचारतो : अंडी कोणत्या पक्ष्यांची आहेत? नर-मादी किती आठवड्यांचे, त्यांना खायला काय मिळतं, आणि ते एकाच घाण्यातली, म्हणजे एका वेळी उबवलेल्या अंड्यांतली, सख्खी भावंडं तर नाहीत ना? "यंत्र चांगलं आहे, तरी निम्मीसुद्धा पिल्लं निघाली नाहीत" अशी तक्रार खोलात जाऊन पाहिली, की बहुतेक वेळा चूक अंडी यंत्रात जाण्याच्या आधीच झालेली सापडते. म्हणून हा लेखही पक्ष्यांपासून सुरू करतो.

इथे सगळं जपानी बटेराबद्दल आहे. शास्त्रीय नाव कोटर्निक्स जॅपोनिका. घरी पाळण्यासाठी सगळीकडे हाच पक्षी वापरतात. याची अंडी १७ ते १८ दिवसांत फुटतात. बॉबव्हाइट जातीला साधारण २३ दिवस लागतात, इवल्याशा बटन क्वेलला १६, त्यामुळे तुमच्याकडचा पक्षी नक्की कोणता हे आधी पाहून घ्या. रानातले लावे पकडून आणणं हा पर्याय डोक्यातही आणू नका. ते पिंजऱ्यात घाबरून जीव देतात, आणि बहुतेक ठिकाणी तो गुन्हाही आहे.

अंडी ठेवण्याआधी नरांचा विचार करा

जपानी बटेर फार लवकर वयात येतो. मादी ६ ते ७ आठवड्यांत अंड्यावर येते. म्हणजे आज यंत्रात ठेवलेल्या अंड्यातून निघालेली मादी दोन महिने उलटता उलटता स्वतः अंडी द्यायला लागलेली असते. हा वेग सुरुवातीला फार सुखावतो आणि मग अंगावर येतो.

साधा हिशेब करा. २४ अंडी ठेवली, १६ पिल्लं जगली, तर त्यातले ८ च्या आसपास नर निघणार. पैदाशीला लागतात दोन, फार तर तीन. बाकीच्या पाच-सहा नरांना पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून कंठ फुटतो, ते आपसांत भांडतात, एकमेकांचे डोळे आणि डोकी फोडतात. त्यांना वेगळी जागा देणार, कुणी घेणार आहे, की ते खाण्यासाठी वाढवायचे आहेत, हे पहिलं अंडं ठेवण्याच्या आधी घरात बसून ठरवा. नंतर ठरवायला गेलात तर पक्ष्यांचे हाल होतात.

आई-बाप निवडताना

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास नेहमीच्या तपकिरी रंगाच्या बटेरांत नर-मादी ओळखू येतात. नराची छाती विटकरी, एकसारख्या रंगाची, डाग नसलेली. मादीची छाती फिकट आणि तिच्यावर काळपट ठिपके. पांढऱ्या किंवा इतर रंगांच्या बटेरांत ही खूण चालत नाही. तिथे सहा-सात आठवडे थांबा आणि शेपटीखाली पाहा. वयात आलेल्या नराच्या गुदद्वाराच्या वरच्या बाजूला गोल, फुगीर गाठ असते आणि हलकं दाबलं की दाढीच्या साबणासारखा पांढरा फेस येतो. हा फेस म्हणजे आजार नाही, नर कामाचा असल्याची ती खूण आहे. गाठ लहान, कोरडी असेल तर तो नर अजून कच्चा आहे, किंवा त्याला उजेड कमी पडतोय.

पहिली अंडी आली की लगेच उबवायची घाई करू नका. सुरुवातीची अंडी लहान असतात, त्यांतली काही फलित नसतात. मादी ९-१० आठवड्यांची झाली, अंड्याचा आकार स्थिर झाला, की तिथून पुढे साधारण सहा-सात महिन्यांची होईपर्यंतचा काळ पैदाशीसाठी सगळ्यात चांगला. त्यानंतर मादी अंडी देत राहते, पण फलित अंड्यांचं आणि त्यांतून निघणाऱ्या पिल्लांचं प्रमाण घसरत जातं. नराचंही तसंच.

एका नरामागे ३ ते ४ माद्या ठेवा. यापेक्षा कमी माद्या ठेवल्या तर नर त्यांना सतत छळतो. मादीच्या डोक्यावरची आणि मानेमागची पिसं उपटलेली दिसली, कातडी लाल दिसली, तर ती लगेच वेगळी काढा. सहा-सातच्या वर माद्या असल्या की काही अंडी रिकामी जायला लागतात. नर सोडल्यावर पाचव्या-सहाव्या दिवसापासूनची अंडी उबवायला घ्यावीत. नर बदलायचा असेल तर जुना काढल्यावर निदान दोन आठवडे जाऊ द्या, कारण जुन्या नराचं बीज मादीच्या पोटात आठवडाभर, कधी थोडं जास्तही टिकतं.

आता नात्याचा मुद्दा. या लेखातला हा सगळ्यात महत्त्वाचा परिच्छेद समजा. कोंबड्या जवळच्या नात्यातली पैदास काही पिढ्या तरी निभावून नेतात, बटेर नेत नाही. सख्ख्या भावंडांची जोडी लावली की पहिल्याच पिढीत अंडी कमी फुटतात. तसंच चालू ठेवलं तर दोन-तीन पिढ्यांत पिल्लं अशक्त निघतात, पाय वाकडे होतात आणि मग अंडी फुटणंच थांबत जातं. माझ्याकडेही हे झालं. एकाच ठिकाणाहून आणलेल्या अंड्यांमधूनच नर आणि माद्या निवडल्या, आणि तिसऱ्या पिढीला ३० अंड्यांतून ७ पिल्लं निघाली. त्या वेळी मी दोन महिने यंत्राचं तापमान तपासत बसलो होतो. दुसऱ्या ठिकाणचे तीन नर आणले, त्याच माद्या, तेच यंत्र, आणि पुढच्याच घाण्यात ३० मधून २२ निघाली. तेव्हा सुरुवातच दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून करा. नर एकीकडचे, माद्या दुसरीकडच्या.

जागा, खाणं, उजेड

दचकलेला बटेर सरळ वर उसळतो. पिंजऱ्याची उंची ४०-५० सेंटीमीटर असेल तर त्याला वेग घ्यायला पुरेशी जागा मिळते आणि डोकं छताला आपटून फुटतं. म्हणून पिंजरा एकतर बुटका ठेवा, २५ सेंटीमीटरच्या आसपास, नाहीतर माणूस उभा राहील एवढं उंच जाळीघर करा. मधलं काही नको. छताला आतून मऊ जाळी किंवा कापड ताणलं तर आणखी चांगलं. एका पक्ष्याला साधारण ३० सेंटीमीटर लांब आणि तेवढीच रुंद जागा मिळाली तर भांडणं बरीच कमी होतात. सगळी जमीन जाळीची करू नका, निदान एका भागात भुसा असू द्या. कोपऱ्यात कोरड्या मातीची किंवा वाळूची परात ठेवा. बटेर तिच्यात लोळून अंघोळ करतात आणि पिसांमधल्या उवा-किडी त्यातून निघून जातात.

कोंबड्यांच्या सोबत बटेर ठेवू नका. कोंबड्यांना फारसा त्रास न देणारे जंतूही बटेरांना मारून टाकू शकतात. आतड्यांना व्रण पडणारा एक जिवाणूजन्य रोग तर बटेरांना इतका होतो की त्याला इंग्रजीत "क्वेल डिसीज" असंच म्हणतात. साचलेली विष्ठा आणि ओला भुसा हे त्याचं घर.

अंड्यावरच्या मादीला रोज २० ते २५ ग्रॅम खाद्य लागतं. त्यात प्रथिनं २० टक्क्यांच्या आसपास आणि कॅल्शियम अडीच ते तीन टक्के हवं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवला तर ज्या मादीला गरज असते ती बरोबर जाऊन खाते. नुसतं धान्य घालून अंडी मिळतील, पण त्या अंड्यांत पिल्लू घडायला लागणारी जीवनसत्त्वं कमी पडतात. अंडं दिसायला ठीक आणि आत गर्भ पंधराव्या दिवशी मेलेला, यामागे बरेचदा आईचं खाणं असतं.

दिवसाचा उजेड आणि दिवा मिळून १४ ते १६ तास उजेड हवा. दिवा मंद चालतो. तो रोज ठरल्या वेळी लागला आणि विझला पाहिजे, त्यासाठी टायमर लावून टाका.

अंडी गोळा करणं आणि साठवणं

कोंबडी सकाळी अंडं घालते, बटेर मादी बहुतेक दुपारनंतर ते संध्याकाळी. म्हणून अंडी संध्याकाळी उशिरा उचला. रात्रभर पिंजऱ्यात राहिलेलं अंडं मळतं, तुडवलं जातं.

थोडे दिवस अंडी नीट पाहत गेलात तर एक गोष्ट लक्षात येईल. प्रत्येक मादीची अंड्यावरची नक्षी ठरलेली असते. एकीच्या अंड्यावर मोठे चॉकलेटी डाग, दुसरीच्या अंड्यावर राखेसारखी बारीक रवाळ टिपकी, तिसरीचं अंडं फिकट निळसर आणि टोकाकडे एकच गर्द ठिपका. महिनोन्महिने ती तशीच नक्षी उमटवत राहते. याचा उपयोग करून घ्या. यंत्रातली कोणती अंडी वारंवार फुटत नाहीत हे नक्षीवरून कळलं की ती मादी कोणती हेही कळतं, आणि पुढच्या वेळी तिची अंडी वगळता येतात. चार-पाच माद्या असतील तर यासारखी सोपी नोंद दुसरी नाही.

उबवायला १० ते १२ ग्रॅम वजनाची, नेहमीच्या आकाराची अंडी घ्या. (मोठ्या, मांसाच्या जातीची अंडी १३-१४ ग्रॅमपर्यंत असतात, ती त्यांच्यासाठी ठीक.) फार लहान, फार मोठी, लांबट, दोन्हीकडे सारखी गोल, खडबडीत किंवा अजिबात रंग न उतरलेली बाजूला काढा. अंधारात टॉर्च लावून केसासारखी तडा आहे का पाहा, डागांमुळे ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. अंडी धुऊ नका. कवचावरचा नैसर्गिक थर गेला की जंतू आत शिरतात. वाळलेली घाण असेल तर कोरड्या फडक्याने हळूच काढा, फार मळलेलं अंडं सरळ वगळा.

साठवताना टोकदार बाजू खाली. जागा १५ ते १८ अंश सेल्सिअसची, थोडी दमट. फ्रीज फार थंड पडतो. फ्रीजमधलं अंडं फुटल्याची उदाहरणं आहेत, पण त्यावर घाणा लावू नये. सात दिवसांपर्यंतची अंडी चांगली, दहाव्या दिवसानंतर निराशा वाढत जाते. साठवणीतही दिवसातून एकदा अंड्यांचा ट्रे एका बाजूला कलता करा, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूला. अंडी दुरून प्रवास करून आली असतील तर टोक खाली ठेवून २४ तास स्वस्थ राहू द्या, अंड्याच्या रुंद टोकाकडच्या, प्रवासात हललेल्या हवेच्या पोकळीला जागेवर बसायला वेळ मिळतो.

पूर्ण घाणा लावण्याआधी चार-पाच अंडी फोडून पाहायची सवय लावा. पिवळ्या बलकावर एक पांढरा ठिपका असतो. फलित अंड्यात तो गोल वलयासारखा दिसतो, कडा स्पष्ट आणि मध्य थोडा पारदर्शक. अफलित अंड्यात तो लहान, घट्ट पांढरा आणि वेडावाकडा. पाचपैकी चार वलयवाली निघाली तर पुढे चला. दोनच निघाली तर यंत्र चालू करू नका, नरांकडे लक्ष द्या.

यंत्राची तयारी

पाळीव बटेर मादी क्वचितच खुडूक बसते. माणसाने पिढ्यान्पिढ्या अंड्यांसाठी निवड केल्यामुळे तिची ती वृत्ती जवळजवळ गेली आहे. कोंबडीखाली ही अंडी ठेवता येतात, पण कवच इतकं पातळ की वजनाने बरीच फुटतात. म्हणून यंत्र.

अंडी ठेवण्याच्या आधी यंत्र रिकामंच २४ तास चालवा. खोली अशी निवडा जिथे ऊन थेट येत नाही आणि पंख्याचा झोत बसत नाही. यंत्रावर दिसणाऱ्या आकड्यांवर विसंबू नका. अर्ध्या अंशाचा फरकही जाणवतो, आणि स्वस्त यंत्रांत एक-दीड अंशाचा फरक सहज सापडतो.

तापमान तपासायला वेगळा थर्मामीटर घ्या. त्याची सोंड पाण्यात बुडवता येत असेल तर कोमट पाण्याच्या पेल्यात ताप मोजायच्या थर्मामीटरबरोबर धरून दोघांचा आकडा जुळतो का पाहा. आर्द्रतामापक तपासायची पद्धतही घरातलीच आहे. बाटलीच्या बुचात साधं मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतपत पाण्याचे थेंब टाका. ते बूच आणि आर्द्रतामापक एका हवाबंद पिशवीत आठ-दहा तास खोलीत ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मापक ७० दाखवत असेल तर तो ५ ने कमी दाखवतो, हे त्याच्यावरच चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.

पहिले १४ दिवस

पंखा असलेल्या यंत्रात तापमान ३७.५ ते ३७.७ अंश सेल्सिअस. पंखा नसलेल्या यंत्रात उष्णता वर साचते, म्हणून तिथे अंड्यांच्या माथ्याच्या उंचीवर मोजून ३८.३ ते ३८.९ अंश. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के. साठवणीतली अंडी पाच-सहा तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच आत ठेवा. थंड अंडी एकदम गरम हवेत गेली की कवचावर दव धरतं आणि त्या पाण्यातून जंतू आत ओढले जातात.

दिवस मोजताना घोळ होतो. शुक्रवारी संध्याकाळी अंडी ठेवली तर शनिवारी संध्याकाळी पहिला दिवस पूर्ण झाला, असं धरा.

अंडी हाताने फिरवत असाल तर दिवसातून किमान तीन, जमलं तर पाच वेळा. आकडा विषमच ठेवा, म्हणजे रात्रीची लांब पाळी रोज वेगळ्या कुशीवर जाते. अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलने फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला की कोणतं फिरवायचं राहिलं ते कळतं. फिरवण्याआधी हात धुवा. पहिल्या आठवड्यात हे काम अजिबात चुकवू नका. एकाच कुशीवर पडून राहिलेलं अंडं असेल तर गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो आणि तिथेच संपतो.

वीज गेली तर घाबरून जाऊ नका. यंत्र उघडू नका, वरून जाड पांघरूण टाका, हवेची भोकं मोकळी ठेवा. दोन-तीन तासांची थंडी गर्भ बहुतेक वेळा सोसतो, फार तर पिल्लं थोडी उशिरा निघतात. खरा धोका उलट बाजूला आहे. तापमान ४० च्या वर काही वेळ राहिलं तर पूर्ण घाणा जाऊ शकतो. म्हणून वीज परत आल्यावर यंत्राने मर्यादा ओलांडली नाही ना, हे तासभर लक्ष ठेवून पाहा.

सातव्या-आठव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंडी उजेडावर धरून पाहा. बटेराच्या डागाळलेल्या कवचातून दिसणं अवघड असतं, म्हणून प्रखर, बारीक झोताचा टॉर्च घ्या आणि रुंद टोकाला टेकवा. जिवंत अंड्यात एक काळसर गोळा आणि त्याच्याभोवती लाल शिरांचं जाळं दिसतं, नशीब असेल तर ते हलताना दिसतं. पूर्ण पिवळं, स्वच्छ दिसणारं अंडं अफलित. आत फक्त लाल कडं असेल तर गर्भ सुरुवातीलाच मेलेला. शंका असेल त्या अंड्याला पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून परत ठेवा. वास येणारं अंडं मात्र त्याच क्षणी बाहेर काढा, ते आत फुटलं तर बाकीचीही नासतात.

वजनावरून आर्द्रता

आर्द्रतेचा आकडा नुसता पाळण्यापेक्षा मला अंड्यांचं वजन जास्त सांगून जातं. उबताना अंड्यातून पाणी उडतं आणि रुंद टोकाकडची हवेची पोकळी मोठी होत जाते. त्याच पोकळीत पिल्लू पहिला श्वास घेतं. पोकळी लहान राहिली तर पिल्लू ओलं, सुजलेलं राहून गुदमरतं. फार मोठी झाली तर आतला पापुद्रा वाळून त्याच्या अंगाला आवळतो.

चौदाव्या-पंधराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन ११ ते १३ टक्क्यांनी घटलेलं असावं. दहा अंडी एकत्र तोला, म्हणजे चूक कमी होते. सुरुवातीला ती ११० ग्रॅम असतील तर शेवटी ९७ च्या आसपास यायला हवीत. अर्ध्या वाटेवर, म्हणजे सातव्या दिवशी, १०३-१०४ ग्रॅम. त्या दिवशी तराजू १०७ दाखवत असेल तर यंत्रातलं पाणी कमी करा, १०१ दाखवत असेल तर वाढवा. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा पुरतो.

पंधराव्या दिवसापासून : झाकण बंद

चौदा दिवस पूर्ण झाले की अंडी फिरवणं थांबवा. फिरवायचे ट्रे काढून अंडी आडवी ठेवा. खाली खडबडीत, घट्ट विणीचं कापड किंवा रबरी जाळी अंथरा. ही बारीकशी गोष्ट पिल्लाचे पाय वाचवते. गुळगुळीत प्लॅस्टिकवर पिल्लाचे पाय दोन्हीकडे फाकतात आणि दोन दिवसांत ते तसेच वाढायला लागतात. १९९० साली मीर अंतराळ स्थानकात जपानी बटेराची पिल्लं अंड्यातून बाहेर आली होती. गर्भाची वाढ झाली, कवच फुटलं, पण वजनरहित अवस्थेत ती पिल्लं स्वतःला कुठे टेकवू शकली नाहीत आणि तरंगत राहिल्याने त्यांना नीट खाताही येईना. पायाखाली पकड असणं या एवढ्याशा जिवासाठी काय असतं, ते तिथे दिसलं.

आर्द्रता आता ६५ ते ७५ टक्के. तापमान तेच, फार तर पाव अंश कमी. आणि झाकण बंद.

सोळाव्या दिवशी कान लावला तर आतून बारीक टकटक, कधी चिवचिव ऐकू येते. मग रुंद टोकाकडे चांदणीसारखी तडा जाते. पिल्लाने पहिली टोच मारली की ते थांबतं. काही तास, कधी रात्रभर. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की ते अडकलंय. त्या वेळात आत बलकाची पिशवी त्याच्या पोटात ओढली जात असते आणि कवचाच्या अस्तरातल्या शिरांमधलं रक्त अंगात परतत असतं. तेव्हा आपण कवच सोलायला गेलो तर त्या शिरा फुटतात. नंतर पिल्लू एकदम कामाला लागतं, गोल फिरत चोचीने कवच कापत जातं, आणि टोपण उघडावं तसं रुंद टोक बाजूला ढकलून बाहेर पडतं. हा शेवटचा भाग काही मिनिटांत उरकतो. बाहेर आलेलं पिल्लू मोठ्या भुंग्याएवढं, ओलं, आणि लगेच उभं राहायच्या धडपडीत.

पहिली पिल्लं निघाली की झाकण उघडायचा मोह फार होतो. प्रत्येक उघडण्यासरशी आतली दमट हवा निघून जाते आणि ज्यांनी नुकतीच टोच मारली आहे त्यांच्याभोवतीचा पापुद्रा कागदासारखा वाळतो. माझ्या पहिल्या घाण्यात मी वाळलेली पिल्लं एकेक करून बाहेर काढत गेलो, दर तासाला. शेवटची चार अंडी टोच मारून तशीच राहिली. उघडल्यावर चारही पिल्लं पूर्ण वाढलेली होती, पापुद्रा अंगाला चिकटलेला. पिल्लं पोटातल्या बलकावर २४ तास आरामात राहतात. तोवर थांबा, आणि बाहेर काढाल ती सगळी एकदम काढा. टोच मारून २४ तास उलटले आणि काहीच पुढे सरकलं नाही तरच मदतीचा विचार, तोही कोमट पाण्याच्या ओल्या कापसाने पापुद्रा मऊ करून, रक्त दिसलं की लगेच हात मागे घेऊन.

पिल्लांचे पहिले चार आठवडे

पिल्लाचं वजन ६ ते ८ ग्रॅम. त्याच्या आकाराने विचार केला की बऱ्याच गोष्टी आपोआप सुचतात. जाळीच्या भोकातून ते निसटतं, पाण्याच्या उथळ बशीतही बुडतं. म्हणून पाण्याच्या भांड्यात पहिला आठवडा गोट्या किंवा खडे भरून ठेवा, चोच जाईल एवढंच पाणी वर दिसलं पाहिजे. बाहेर काढताना प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्याला लावा.

ऊब देणाऱ्या दिव्याखाली किंवा प्लेटखाली पहिले काही दिवस ३५ ते ३७ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अंगावर पूर्ण पिसं आली की खोलीचं तापमान पुरतं. खोका असा ठेवा की एका बाजूला ऊब आणि दुसऱ्या बाजूला गारवा असेल. थर्मामीटरपेक्षा पिल्लं नीट सांगतात. दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट चालला असेल तर थंडी वाजतेय. कडेला चोची उघडून बसली असतील तर उकडतंय. सगळीकडे पसरून खात असतील तर बरोबर. नॉनस्टिक लेप असलेले उष्णतेचे बल्ब वापरू नका, तापल्यावर त्यांतून निघणारा वायू पक्ष्यांना काही मिनिटांत मारतो.

खाद्य किमान २४ टक्के प्रथिनांचं, रव्याइतकं बारीक दळलेलं. पहिल्या दिवशी ते कापडावरच पसरा, चोच मारत मारत ती शिकतात. अंड्यावरच्या पक्ष्यांचं जास्त कॅल्शियमचं खाद्य पिल्लांना घालू नका, मूत्रपिंडं बिघडतात. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र नको, आठवडाभर खडबडीत कापड आणि नंतर भुसा. दहाव्या-बाराव्या दिवशी ती उडायला लागतात, त्याच्या आधी खोक्यावर जाळी बसवा. पिल्लं हाताळल्यावर साबणाने हात धुवायची शिस्त घरातल्या लहानांनाही लावा, कारण निरोगी दिसणाऱ्या पक्ष्यांच्या विष्ठेतही साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो.

न फुटलेली अंडी फेकू नका

शेवटचं पिल्लू निघाल्यावर दोन दिवस थांबा, मग उरलेली अंडी एकेक फोडा. काम नकोसं आहे, पण पुढच्या घाण्याचं शिक्षण त्यातच आहे. सगळी स्वच्छ, बलकवाली निघाली तर नर कमी पडला, म्हातारा झाला किंवा माद्या जास्त झाल्या. बरीचशी रक्ताची कडी असतील तर साठवण लांबली किंवा नातं जवळचं. पूर्ण वाढलेलं पण टोच न मारलेलं, अंग ओलसर आणि सुजलेलं असेल तर आर्द्रता सुरुवातीपासून जास्त होती. पापुद्रा आवळलेला असेल तर ती शेवटी कमी पडली. डोकं टोकदार बाजूकडे असेल तर अंडं उलटं ठेवलं गेलं होतं. सगळी पिल्लं सोळाव्या दिवशीच निघाली आणि बेंबी ओली, रक्ताळलेली दिसली तर तापमान जास्त. एकोणिसाव्या-विसाव्या दिवसापर्यंत रेंगाळली तर कमी.

हे सगळं वहीत लिहा : ठेवण्याची तारीख, अंड्यांची संख्या, सातव्या दिवसाचं वजन, कोणत्या नक्षीची किती फुटली, किती राहिली आणि का राहिली. तिसऱ्या आठवड्यात छातीचे रंग दिसायला लागले की प्रत्येक पिल्लाच्या पायात रंगीत प्लॅस्टिकचं कडं घाला, एका घाण्याला एक रंग, आणि तो रंगही वहीत नोंदवा. पाय वाढतो तसं कडं घट्ट होतं, दर आठवड्याला सैल करून पाहा. पुढच्या पिढीला नर निवडताना याच कड्यांकडे बघायचं आहे : माद्यांच्या पायात ज्या रंगाचं कडं आहे, त्या रंगाचा नर त्यांच्यात सोडायचा नाही.